काळ्या कोटाच्या आधी : वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

सकाळी सव्वासातचा तास विधी महाविद्यालयात आणि अकराला साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात पुकारा, असा माझा दिवस असतो. या सदराकडे एरवी जमिनीचे आणि पोटगीचे प्रश्न जास्त येतात. प्रवेशाचा हंगाम लागला की पत्रांचा नूर बदलतो. म्हणून यावेळी कॉलेजाबद्दलची पत्रं घेतली आहेत. नावं छापत नाही, गाव तेवढं देते.

मुलगी बारावी झाली, तिला वकील व्हायचंय. नातेवाईक म्हणतात पुण्यालाच घाला, साताऱ्यात काय आहे? पाच वर्षांचा कोर्स बरा की आधी बी.ए. करून तीन वर्षांचा? आमची परिस्थिती बेताची आहे, खर्चाचंही सांगा.
*एक आई, कोरेगाव*

ताई, खर्चापासूनच सुरू करते. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन पूर्ण भरतं. घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत हवं आणि मुलगी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग किंवा इतर मागास वर्गातली हवी. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या योजना आधीपासून आहेत. यातली मेख एकच, आणि तिथंच पालक अडकतात. प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला असावा लागतो. पसंतीक्रम भरताना हयगय केली, हवं ते कॉलेज हुकलं आणि मग घाईघाईत संस्था स्तरावरची किंवा व्यवस्थापन कोट्यातली जागा घेतली, की ही सवलत गेली. खासगी अभिमत विद्यापीठालाही ती लागू नाही. नातेवाईक पुण्यातलं जे नाव सुचवतायत ते यात बसतं का, हे आधी बघा.

उत्पन्नाचा दाखला आणि प्रवर्गाची कागदपत्रं आत्ताच काढून ठेवा. निकाल लागल्यावर सेतूत उभं राहायला जागा नसते. सीईटीची, म्हणजे प्रवेश परीक्षेची, प्रश्नपत्रिका मराठीतही असते, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नकोस असं लेकीला सांगा. खुल्या प्रवर्गाला बारावीत 45 टक्के लागतात, तेवढे तिला असतीलच.

पाच की तीन, याचं उत्तर मुलीकडं आहे. तिचं मन पक्कं असेल तर पाच वर्षांचा कोर्स घ्या, एक वर्ष वाचतं. ‘बघू, जमलं तर’ असं असेल तर आधी बी.ए. किंवा बी.कॉम. होऊ द्या. पदवी घेऊन आलेल्या मुलींना बरेचदा आपण इथं का आलो हे चांगलं ठाऊक असतं.

आता पुणं की सातारा. कंपनी कायदा, पेटंट, मोठ्या फर्ममधली नोकरी हे डोळ्यापुढं असेल तर पुण्या-मुंबईला पर्याय नाही, हे मी मान्य करते. पण तिला कोर्टात उभं राहायचं असेल, दावा लिहायचा असेल, साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची असेल, तर मी जिल्ह्याच्या ठिकाणाला कौल देईन. इथं सकाळचा तास संपला की मुलगी तासाभरात कोर्टाच्या बाकावर बसलेली असते. वकील तिला तोंडानं ओळखतात. कोणत्या खोलीत साक्षीपुरावा चाललाय, आज कुणाचा युक्तिवाद आहे, हे बार रूमच्या दारात कळतं. दुसऱ्या वर्षापासून एखाद्या सिनिअरकडं ती संध्याकाळी बसायला लागली तर पदवी हातात येईपर्यंत तिला वकीलपत्र कसं भरतात, कैफियत म्हणजे काय, नकलेचा अर्ज कुठं द्यायचा, बेलिफाकडून समन्स बजावून कसं घ्यायचं, हे सगळं येतं. शिवाय कोरेगावहून रोज जाऊन-येऊन होतं. विद्यार्थ्यांच्या मासिक पासला एस.टी.ची 66.67 टक्के सवलत आहे. घरचं जेवण आणि घरची झोप या दोन गोष्टी पाच वर्षांत फार कामाला येतात.

दहावीपर्यंत मराठी शाळा. पहिल्या मूट कोर्टात (कॉलेजातल्या सरावाच्या लुटुपुटीच्या खटल्यात) उभी राहिले, बेंचनं पहिलाच प्रश्न नोटिशीच्या तारखेबद्दल विचारला आणि सगळं विसरले. बाकीची मुलं इंग्रजीत फाडफाड बोलतात. मूटमधून अंग काढून घेतलं तर चालेल का?
*विद्यार्थिनी, दहिवडी*

बाळ, अंग काढून घेता येणार नाही, आणि घेऊही नकोस. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या, म्हणजे वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, 2008 च्या नियमांत मूट कोर्ट आणि इंटर्नशिप हा 100 गुणांचा सक्तीचा पेपर आहे. त्यात तीन मूटचे 30 गुण. प्रत्येक मूटच्या 10 गुणांपैकी 5 लेखी मांडणीचे आणि 5 तोंडी युक्तिवादाचे. म्हणजे निम्मे गुण तू उभी राहण्याच्या आधीच कमावू शकतेस. फाडफाड बोलणाऱ्यांपैकी बरेच जण याच निम्म्यात गुण घालवतात, कारण त्यांनी निकालपत्रं वाचलेली नसतात, मथळे तेवढे उतरवलेले असतात.

मी वर्गात मूट कसं बसवते ते सांगते. समजा प्रश्न असा आहे: नगरपालिकेनं एका भाजीवालीची हातगाडी नोटीस न देता उचलून नेली. मुलं पहिल्यांदा काय करतात? राज्यघटनेचा अनुच्छेद 21, म्हणजे जगण्याचा हक्क, काढतात आणि मोठमोठी वाक्यं लिहायला लागतात. मी ती वही बाजूला ठेवायला लावते आणि हकीकत मराठीत लिहून मागते. दहा ओळी, तारीखवार. बाई कधीपासून बसते, परवाना आहे का, गाडी कुठल्या दिवशी उचलली, त्याआधी काही कागद दिला का, माल परत मिळाला का. मग एकच प्रश्न विचारते: या बाईला कोर्टाकडून नेमकं काय पाहिजे? गाडी परत, की जागा परत, की दोन्ही? मागणी कळली की कायदा आपोआप सापडायला लागतो. 2014 च्या पथविक्रेता कायद्याचं कलम 18 सांगतं, की 30 दिवसांची नोटीस दिल्याशिवाय विक्रेत्याला हलवता येत नाही. झाला तुझा पहिला मुद्दा, आणि तो अनुच्छेदाहून जास्त वजनाचा आहे. त्याच्या मागं 1985 चा ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लाव. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे हे सर्वोच्च न्यायालयानं त्यात सांगितलं. पण तोही पूर्ण वाच. कारण तुझ्यासमोरचा वकील उठून म्हणेल, की त्याच निकालात पदपथावरची अतिक्रमणं काढायचा पालिकेचा अधिकार कोर्टानं मान्य केलाय. हे तुला आधी माहीत असेल तर तू डगमगणार नाहीस. त्या दिवशी तू विसरलीस ते इंग्रजीमुळं, असं तुला वाटतंय. तुझं पत्र नीट वाचल्यावर माझं मत वेगळं आहे. प्रश्न नोटिशीच्या तारखेबद्दल होता, असं तू स्वतःच लिहिलंयस. तारीख पाठ असती तर तोडक्यामोडक्या इंग्रजीतही सांगता आली असती.

इंग्रजी सुधारायलाच हवं, त्यातून सुटका नाही. उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं. त्यासाठी रोज एका निकालपत्राची दोन पानं मोठ्यानं वाच, मैत्रिणीला समोर बसव, तिला मध्येच अडवून प्रश्न विचारायला सांग. आणि खालच्या कोर्टांची भाषा 1998 च्या अधिसूचनेपासून मराठी आहे, हेही लक्षात ठेव. साक्षीदार माणदेशी बोलणार, त्याला ‘तवा’ आणि ‘मंग’ म्हणायचंय, आणि त्यातलं खरं-खोटं तुझ्या कानाला जितकं चटकन कळेल तितकं ते इतरांना कळणार नाही.

गेल्या नोव्हेंबरात मुलाच्या कॉलेजात अभ्यासापेक्षा कार्यक्रमच जास्त झाले. परीक्षा तोंडावर आणि मुलगा रोज बॅनर लावायला. हे सगळं हवंच का?
*एक वडील, वाई*

सगळं नको, काही नक्की हवं. विधी महाविद्यालयाचा नोव्हेंबर भरगच्च असतो हे खरं आहे. 7 तारखेला विद्यार्थी दिवस, 9 ला विधी सेवा दिन, 26 ला संविधान दिन. साताऱ्यात 7 तारखेला वेगळं मोल आहे. 1900 साली त्याच दिवशी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव इथल्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात दाखल झालं. जो मुलगा उद्या राज्यघटनेचे पेपर देणार आहे त्यानं त्या शाळेपर्यंत एकदा चालत जावं असं मला मनापासून वाटतं. त्याला अर्धा तास लागतो, बॅनर लागत नाही.

ज्याला मी कधीही नाही म्हणणार नाही ती म्हणजे राष्ट्रीय लोकअदालत. चेक न वटल्याचे खटले, बँकांची वसुली, अपघाताची नुकसानभरपाई असली प्रकरणं एका दिवसात पॅनेलपुढं येतात. आमची मुलं टेबलाजवळ उभी असतात. हातात नोटीस घेऊन आलेल्या माणसाला कुठल्या पॅनेलकडं जायचं ते सांगतात, तडजोडीचा मसुदा वाचून दाखवतात. लोकअदालतीत झालेली तडजोड हुकूमनाम्याइतकीच पक्की असते, तिच्यावर अपील नाही, आणि दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते, हे पुस्तकात दोन ओळींत आहे. पण सही करण्यापूर्वी एखादा म्हातारा विचारतो, ‘पोरा, नंतर फिरवता येईल का रं हे?’ आणि मुलाला ‘नाही आजोबा, म्हणून आत्ताच विचार करा’ असं सांगावं लागतं. त्या उत्तराची जबाबदारी त्याला त्याच क्षणी कळते. तुमच्या मुलाला तिथं जाऊ द्या. बॅनर आणि सत्काराचे हार यांच्यात चाललेला वेळ मात्र प्राचार्यांशी बोलून कमी करून घ्या, पालकांनी बोललेलं कॉलेजात ऐकलं जातं.

दोन वर्षांपूर्वी एका लॉ कॉलेजची मुलं आमच्या गावात कायदेविषयक शिबिर घेऊन आली. शाळेत सभा झाली, फोटो निघाले. मी माझ्या थोरल्या बहिणीचं गाऱ्हाणं सांगितलं: वडील गेल्यावर चुलत्यांनी आणि मोठ्या भावानं तिच्याकडून साध्या कागदावर अंगठा घेतला आणि सातबाऱ्यावरून नाव काढलं. मुलांनी नाव-गाव लिहून घेतलं. पुढं कुणी फिरकलं नाही. असल्या शिबिरांचा उपयोग काय?
*एक शेतकरी, पाटण तालुका*

दादा, तुमचा राग रास्त आहे. या पत्राला मी सगळ्यात जास्त जागा देतेय, कारण तुम्ही विचारलंय ते प्रत्येक विधी महाविद्यालयानं स्वतःला विचारायला हवं.

प्रत्येक कॉलेजात ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली विधी साहाय्य केंद्र असलंच पाहिजे असा बार कौन्सिलचा नियम आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2011 च्या विनियमांनी तर विद्यार्थ्यांना एखादं दुर्गम गाव दत्तक घेऊन काम करायची मुभा दिली आहे. कागदावर सगळं आहे. अडतं ते दुसऱ्या भेटीपाशी. पहिल्या भेटीला गाडी मिळते, पाहुणे मिळतात, वर्तमानपत्रात बातमी येते. दुसऱ्या भेटीला दोन मुलं आणि एक प्राध्यापक एस.टी.नं जाणार, त्याची बातमी होत नाही. तेवढ्यात सेमिस्टर संपतं, ज्यानं नाव लिहून घेतलं तो मुलगा पास होऊन निघून जातो आणि वही कपाटात राहते.

माझ्या वर्गाला म्हणूनच एक नियम घालून दिलाय. शिबिरात लिहून घेतलेल्या प्रत्येक गाऱ्हाण्यासमोर विद्यार्थ्याचं नाव, पुढच्या भेटीची तारीख आणि ‘काय कळवलं’ असा रकाना असतो. तो रकाना कोरा असेल तर मी त्या शिबिराची नोंद त्या विद्यार्थ्याच्या इंटर्नशिपच्या डायरीत धरत नाही. मुलं कुरकुरतात. पण गावात परत गेलेल्या मुलाच्या डायरीत आणि न गेलेल्याच्या डायरीत मला स्पष्ट फरक दिसतो. परत गेलेल्यानं सातबारा, आठ-अ आणि फेरफार समोर ठेवून वाचलेले असतात. नोंद कधी टाकली, मंजूर कुणी केली, नोटिशीवर कुणाकुणाच्या सह्या आहेत, सगळ्या वारसांची नावं आली का, हे तो बोट ठेवून सांगतो. मालमत्ता हस्तांतराचा कायदा तोंडपाठ असलेला मुलगा फेरफाराची नक्कल हातात घेऊन उलटीसुलटी करत बसलेला मी पाहिलाय. ती वाचायला शिकवणारं ठिकाण गावच आहे.

आता बहिणीचं. हे काम शिबिरातच व्हायला हवं होतं, ते इथं करते. शेतजमिनीतला हिस्सा सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं, 1908 च्या नोंदणी कायद्याचं कलम 17 त्यासाठीच आहे. साध्या कागदावरच्या अंगठ्यानं हिस्सा जात नाही. फक्त एक खबरदारी: आधी तोंडी वाटप झालं आणि नंतर त्याची याद लिहून ठेवली, असं समोरचे म्हणू शकतात, आणि त्याचा विचार कोर्ट वेगळ्या रीतीनं करतं. म्हणून तो कागद प्रत्यक्ष वकिलाला दाखवा, त्यात ‘वाटप झालेलं आहे’ असं लिहिलंय की ‘हक्क सोडते’ असं, हे बघायला लागेल. दुसरं, सातबाऱ्यावरून नाव गेलं म्हणून मालकी गेली असं होत नाही. ती महसुली नोंद आहे, मालकी दिवाणी न्यायालय ठरवतं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं दिला. त्यासाठी ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 रोजी, वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलंय. डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटप होऊन गेलेलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. आणि जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असली तरी मृत्युपत्र नसेल तर मुलगी वारस आहेच.

बहिणीनं वकिलाच्या फीची काळजी करू नये. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे महिलेला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. पाटणच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, तिथं साधा अर्ज करायचा. जाताना फेरफाराची नक्कल, जुने सातबारे, वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणि त्या कागदाची मिळाली तर झेरॉक्स न्या. जाता येत नसेल तर 15100 हा फोन आहे. आणि उशीर करू नका. मधल्या काळात भावानं जमीन विकली तर तिसरा माणूस आत येतो आणि दावा लांबतो.

तुमच्या गावात जे कॉलेज आलं होतं त्यांना पत्र लिहा. प्राचार्यांच्या नावानं, शिबिराची तारीख घालून, ‘आमच्या नोंदीचं काय झालं’ एवढंच विचारा. ते पत्र आलं की वही कपाटातून बाहेर निघेल.

वय 52, सरकारी नोकरीत आहे. एल.एल.बी. करायची फार वर्षांची इच्छा. वयाची अडचण येते का? कॉलेजात रोज यावंच लागतं का?
*एक वाचक, फलटण*

सीईटीला कमाल वयाची अट नाही. यावं मात्र लागतं. हजेरी 70 टक्के, काही कारणानं कमी पडली तर सगळे विषय मिळून 65 टक्क्यांपर्यंतच प्राचार्यांना सूट देता येते. बार कौन्सिलनं सप्टेंबर 2024 मध्ये बायोमेट्रिक हजेरीचे आदेश काढलेत आणि शिकताना नोकरी असेल तर ती जाहीर करून नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र द्यावं लागतं. ‘प्रवेश घ्या, यायची गरज नाही’ असं कुणी सांगत असेल तर त्या वाटेला जाऊ नका, वकिलीची सनद मागताना ते अंगाशी येईल. पगारी पूर्णवेळ नोकरीत असताना सनद घेऊन वकिली करता येत नाही. तुमच्या जागी मी असते तर सेवानिवृत्तीला तीन-चार वर्षं राहिली की सकाळच्या कॉलेजात नाव घातलं असतं. वर्गात मोठ्या वयाचे विद्यार्थी असले की मला शिकवायला बळ येतं. कारण भाडेकरार, कर्ज, खातेनिहाय चौकशी हे सगळं त्यांनी भोगलेलं असतं, आणि ते नेमके प्रश्न विचारतात.

कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झालं. आम्हा विद्यार्थ्यांना त्याचा काय फायदा?
*विद्यार्थी, कराड*

मोठा फायदा आहे. चार दशकांहून अधिक काळ सहा जिल्ह्यांतले वकील यासाठी भांडले, कामकाज बंद ठेवलं, मोर्चे काढले. 17 ऑगस्ट 2025 ला उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांची प्रकरणं आता तिथं चालतात. पक्षकाराचा मुंबईचा हेलपाटा वाचला, ही पहिली गोष्ट. तुमच्यासाठी दुसरी: कराडहून सकाळी निघालात तर दिवसभर उच्च न्यायालयाचा युक्तिवाद ऐकून रात्री घरी जेवायला येता येतं. मी शिकत होते तेव्हा हे स्वप्नातही नव्हतं.

मात्र एक घोळ करू नका. मूट कोर्ट आणि इंटर्नशिपच्या पेपरसाठी दोन खटल्यांचं निरीक्षण करून डायरी लिहायची असते, एक दिवाणी आणि एक फौजदारी. ती खालच्याच कोर्टात बसून लिहायची. बेंचपुढं अपिलं आणि रिट अर्ज चालतात, साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिलेला तिथं दिसायचा नाही. आधी कराडच्या कोर्टात एखादी उलटतपासणी पूर्ण ऐका, रोजनामा, म्हणजे खटल्याच्या कामकाजाची तारखेवार नोंद, वाचा. मग तशाच एखाद्या प्रकरणाचं अपील कोल्हापूरला कसं चाललंय ते बघा. साक्षीदाराचं खालच्या कोर्टात टिपलेलं एखादं वाक्य वर तासभराच्या युक्तिवादाचा विषय होतं, आणि ते मुळात किती घाईत टिपलं गेलं होतं हे तुम्हाला ठाऊक असेल. तीन वर्षांच्या कोर्सला 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला 20 आठवडे इंटर्नशिप असते. त्यातले थोडे दिवस आता कोल्हापूरला ठेवा.

शेवटचं सेमिस्टर आहे. सनदेला किती पैसे लागतात? एआयबीई (अखिल भारतीय बार परीक्षा) कधी द्यायची? मला न्यायाधीश व्हायचंय, पण आता तीन वर्षं वकिली सक्तीची झाली म्हणतात. तोवर खायचं काय? घरी वडिलांची शेती दीड एकर.
*विद्यार्थी, खटाव तालुका*

सनदेची फी 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टप्रमाणे 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी 125. त्यापेक्षा जास्त नोंदणी फी राज्याच्या बार कौन्सिलला घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 30 जुलै 2024 रोजी निक्षून सांगितलं. स्टॅम्पचा खर्च वेगळा. त्याआधी देशात ठिकठिकाणी हजारो रुपये मोजून सनद घेतलेली मुलं आहेत, काहींनी त्यासाठी घरातला दागिना मोडला. तुझ्यावर ती वेळ येऊ नये. एआयबीई शेवटच्या सेमिस्टरलाही देता येते. 100 प्रश्न, खुल्या आणि इतर मागास प्रवर्गाला 45 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 40, परीक्षा मराठीतून देता येते, आणि टिपा नसलेली मूळ कायद्याची पुस्तकं आत नेता येतात. बेअर अ‍ॅक्टची अनुक्रमणिका चाळून चाळून हाताला सवय लाव.

आणि नवे कायदे घेऊन जा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत खून कलम 103, फसवणूक कलम 318. पण त्यांची जुन्या दंडविधानातली कलमं 302 आणि 420 विसरू नकोस. त्या तारखेच्या आधी घडलेले गुन्हे जुन्याच दंडविधानाखाली चालतात आणि ते खटले कोर्टात अजून बरीच वर्षं राहणार आहेत.

न्यायाधीशपदाचं तू ऐकलंस ते बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 20 मे 2025 च्या निकालानं दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. ही वर्षं सनदेच्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजतात, म्हणून पास झाल्यावर नोंदणीला एक दिवसही दवडू नकोस. किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा दाखला आणि त्यावर न्यायालयाच्या प्रमुखांचा शेरा लागतो, म्हणजे सिनिअर निवडताना त्याची वर्षंही बघ. मला हा निर्णय योग्य वाटतो. ज्यानं पक्षकाराला ‘आज तारीखच पडली’ हे स्वतःच्या तोंडानं कधी सांगितलेलं नाही, त्यानं न्यायासनावरून तारीख देऊ नये, असं मला कोर्टात उभं राहून कायम वाटत आलंय.

पण तुझा खरा प्रश्न पोटाचा आहे, आणि तो या निकालानं आणखी टोकदार केलाय. शहरात दरमहा 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार रुपये ज्युनिअरला द्यावेत, असं बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर 2024 मध्ये सुचवलंय. ती सूचना आहे, सक्ती नाही, आणि आपल्याकडं अनेक ऑफिसांत ज्युनिअरच्या हातावर पेट्रोलचे पैसे टेकवले जातात. हे चुकीचं आहे, असं मी माझ्या सिनिअर मित्रांना या पानावरूनच सांगते. ज्या मुलाच्या घरी दीड एकर कोरडवाहू आहे तो तीन वर्षं फुकट राबू शकत नाही. तसं झालं तर न्यायासनावर वकिलांची आणि बागाईतदारांचीच मुलं बसतील. कर्मवीरांनी ‘कमवा आणि शिका’ ज्या साताऱ्यात रुजवलं तिथं तरी हे होऊ नये.

तू काय करायचंस ते सांगते. सिनिअरकडं पहिल्या भेटीतच पैशाचं विचार, लाजू नकोस. महिन्याला किती, कोणत्या तारखेला, आणि स्वतःचं काम आलं तर ते घेता येईल का, एवढं स्पष्ट करून घे. कागद लिहिण्यात हात बसव. नोटिसा, वारसाचे अर्ज, भाडेकरार हे चांगलं लिहिणाऱ्या ज्युनिअरला इतर वकीलही काम देतात. मराठी टायपिंग येत नसेल तर या सुट्टीत शिक. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलची जाहिरात कधी निघते यावर लक्ष ठेव, त्यासाठी आधी काही वर्षं वकिली झालेली लागते. वडूजच्या कोर्टात सुरुवात करायला कमीपणा मानू नकोस. तिथं घरून जाता येतं, खोलीभाडं वाचतं आणि पहिली स्वतंत्र उलटतपासणी तालुक्यात लवकर मिळते. सनदेचे कागद तयार झाले की सकाळच्या तासानंतर मला कॉलेजात भेट, अर्ज पाठवण्याआधी आपण एकदा तपासून घेऊ.